बांधावरून : विलायतेतला पाऊस



मृग तोंडावर आला आहे. कुठे राब भाजून झाले असतील, कुठे बियाण्याची जुळवाजुळव चालू असेल. अशा वेळी मी बीजप्रक्रियेवर लिहावे अशी तुमची अपेक्षा असणार. ते पुढच्या खेपेला सविस्तर लिहितो. तूर्त एवढेच करा : दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी बुडवा, वर तरंगतील ते पोचट दाणे काढून टाका आणि खाली बसलेले बी दोनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा.

आज मात्र मला एका पावसाची हकिगत सांगायची आहे. हा पाऊस मी परमुलखात पाहिला, पण त्याचा संबंध आमच्या गावच्या पऱ्याशी निघाला. त्यात चूक माझीच होती, म्हणून ती तुम्हाला सांगणे मला भाग आहे.

आमचे चिरंजीव इंग्लंडात ब्रिस्टल शहरी नोकरीला आहेत. तीन वर्षे तो ‘या, या’ म्हणत होता. खरिपाच्या सभा सुरू झाल्या की आम्हा विस्तार अधिकाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून यंदा एप्रिलच्या उत्तरार्धात रजा काढली आणि सौ.ला घेऊन निघालो. निघण्याच्या आदल्या रविवारी गावी जाऊन आलो. तेव्हा धाकट्या भावाने मला बाजारपेठेत नेले. तो ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. पेठेच्या कडेने वाहणारा पऱ्या बंदिस्त करून वर स्लॅब टाकायचा, त्यावर आठ-दहा गाळे काढायचे आणि उरलेल्या जागेत गाड्या लावायची सोय करायची, असा पंचायतीचा बेत होता. ठराव १ मेच्या ग्रामसभेत यायचा होता. “दादा, तू शिकलेला माणूस. पाणी जायला किती पाइप लागतील?” त्याने विचारले. पऱ्या कोरडाठाक होता, मधोमध दोन शेळ्या बसल्या होत्या. मी काठावर उभा राहून म्हणालो, “चार फुटी दोन टाका, पुरतील.” टेप लावली नाही, डोंगराकडे पाहिले नाही. चहा घेऊन निघून आलो.

आता विलायतेत चला.

२९ एप्रिलला सकाळपासून रिपरिप होती. आपल्याकडे पाऊस येतो तो वाजतगाजत येतो. तिकडचा पाऊस चोरपावलांनी येतो आणि मग जायचे नाव घेत नाही. सौ. म्हणाली, “अहो, एवढ्या पावसात कुठे जायचे?” मुलगा हसून म्हणाला, “आई, इथे पाऊस थांबायची वाट पाहिली तर माणूस घराबाहेरच पडायचा नाही.” सूनबाईने पोळीभाजीचा डबा घेतला आणि आम्ही मोटारीने समुद्रकाठच्या रस्त्याला लागलो.

पहिला टप्पा समरसेट परगण्याच्या सखल जमिनींतून जातो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवी कुरणे आणि दोन शेतांच्या मध्ये बांधाऐवजी पाण्याने भरलेले चर. ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीला, कुठे कुठे तिच्याही खाली आहे. चर खणून, दारे बसवून, पंप चालवून ती शेकडो वर्षे कोरडी ठेवली आहे. तरी २०१३-१४ च्या हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे पाणी उभे होते आणि शेतकऱ्यांना जनावरे हलवावी लागली होती. माझ्या नोकरीची पहिली वर्षे पेणच्या खारभूमीत गेली, त्यामुळे हे चर पाहून मला परके वाटेना. तिथली दारे म्हणजे आपल्या खारबांधाची उघाडीच. भरती आली की मिटायचे, ओहोटीला उघडायचे.

पुढे माइनहेड गाव सोडले की एक्समूर नावाचा डोंगराळ मुलूख लागतो. उजव्या हाताला ब्रिस्टलची खाडी. जगातल्या मोठ्यात मोठ्या भरती-ओहोटींत हिची गणना होते. खाडीच्या आत सेव्हर्न नदीच्या मुखाशी पाणी चौदा मीटरपर्यंत चढते-उतरते. पलीकडे वेल्सचा किनारा दिसतो म्हणतात. आम्हाला धुक्यापलीकडे काही दिसले नाही.

इथे एका ओढ्याची गंमत सांगतो. होल्निकोट नावाची मोठी जमीनदारी या भागात आहे, ती आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. खालच्या वाड्यांत पूर येई, म्हणून संस्थेने वरच्या अंगाला पाणी थोपवायची कामे केली आणि २०२० साली बीव्हर नावाचे प्राणी आणून कुंपणात सोडले. बीव्हर म्हणजे घुशीच्याच कुळातला, पण कुत्र्याएवढा, चपट्या शेपटीचा प्राणी. तो दाताने झाडे पाडतो, फांद्या आणि चिखल रचून ओढा अडवतो आणि त्या डोहात राहतो. आम्ही श्रमदानाला माणसे गोळा करता करता दमतो, सिमेंटच्या पोत्यांत वाळू भरतो, तेव्हा कुठे एक वनराई बंधारा उभा राहतो. हा गडी ते काम रातोरात, मस्टरशिवाय करतो. सौ. म्हणाली, “मग तुमच्या खात्यात भरती करा की त्याला.”

पोर्लॉक गावाच्या पुढे समुद्रालगत पाणथळ पठार दिसले आणि त्यात वाळून पांढरी पडलेली झाडे उभी. मुलाने मोटार थांबवली. इथे पूर्वी शेतीची जमीन होती. समुद्र आणि ती जमीन यांच्यामध्ये गोट्यांचा लांबच लांब उंचवटा होता. तो लाटांनीच रचलेला. माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्याची डागडुजी करीत आला होता. ऑक्टोबर १९९६ च्या वादळात त्याला खांड गेली, खारे पाणी आत शिरले आणि झाडे उभ्या उभ्या मेली. पुढे खांड बुजवायची नाही असे ठरले. आता तिथे खारवट गवत वाढते, पक्षी येतात आणि लोक ते पाहायला येतात.

खरे सांगतो, हे मला पटले नाही. पेणकडे बांधाला खांड गेली की रात्री कंदील घेऊन सारा गाव ओहोटीवर धावत असे. चिखलाचे गोळे हातोहात जात. भरतीच्या आत खांड मुजली नाही तर पुढची दोन-तीन वर्षे त्या शेतात भाताचा दाणा नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक असे. ज्याची पिकती जमीन गेली त्याला पक्ष्यांचे कौतुक कसे वाटावे? तरी मुलाने एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झालो. “बाबा, दरवर्षी बुजवायची आणि दरवर्षी समुद्राने फोडायची, हे कुठवर?” त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते, आजही नाही.

पोर्लॉकची चढण तिकडे नावाजलेली आहे. चार फुटाला एक फूट चढ. सौ.ने डोळे मिटून घेतले, म्हणून मुलाने पथकर भरून जंगलातल्या वळणावळणाच्या रस्त्याने मोटार काढली. वर गेल्यावर उघडा माळ, तपकिरी झुडपे, मधून मधून पिवळ्या फुलांनी बहरलेले काटेरी ताटवे आणि मेंढ्या. पावसात एकही मेंढी आडोशाला नव्हती. पाठीवर पाऊस घेत चरत होत्या आणि त्यांच्या पोटाशी दोन-तीन आठवड्यांची कोकरे. शेतांना दगडमातीचे उंच बांध, बांधावर बीच झाडांची दाट कुंपणे. एकोणिसाव्या शतकात हा माळ वहिवाटीला आणताना वाऱ्याला आडोसा म्हणून ती लावली. बांधावर झाड लावले की सावलीने पीक मरते म्हणणारांनी ती पाहावीत. अर्थात तिकडे पीक म्हणजे गवत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या माथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे मुंबईइतका. पण मुंबईचा चार महिन्यांत, यांचा बारा महिन्यांत वाटून. जमीन कायम ओली. वरचा थर काळा, कुजलेल्या गवताचा. खाली कित्येक ठिकाणी लोहाचा कठीण पापुद्रा, त्यातून पाणी खाली मुरत नाही. भिजलेला स्पंज पुन्हा पाणी पितो का? हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

काउंटिसबरीच्या उतारावर मुलाने एक गोष्ट सांगितली. १२ जानेवारी १८९९ च्या संध्याकाळी पोर्लॉकजवळच्या समुद्रात एक जहाज वादळात सापडले. खाली लिनमथ बंदरात जीवरक्षक होडी होती, पण लाटा अशा की होडी पाण्यात लोटता येईना. तेव्हा गावकऱ्यांनी ती गाड्यावर घातली आणि अठरा-वीस घोडे व शंभरेक माणसे लावून हाच डोंगर चढवली, तेरा मैलांवर पोर्लॉकला नेली. रात्रभर ओढत होते. वाटेत भिंत आड आली ती पाडली, झाड आले ते तोडले. उजाडता उजाडता होडी समुद्रात घातली आणि जहाजावरची माणसे वाचली. घोडे मात्र काही दमून मेले. जनावरे पाळणाऱ्या माणसाला ही गोष्ट ऐकताना माणसांइतकीच घोड्यांची आठवण राहते.

दुपारी लिनमथला उतरलो. दोन डोंगरांच्या बेचक्यात, समुद्राच्या तोंडाशी वसलेले टुमदार गाव. पूर्व लिन आणि पश्चिम लिन अशा दोन नद्या गावातच एकमेकींना मिळतात. नद्या कसल्या, आपण ओहोळ म्हणू. गुडघाभर पाणी, मोठमोठ्या धोंड्यांतून खळखळत चाललेले. वरच्या लिंटन गावाला जायला कड्यावरून रेल्वे आहे. १८९० पासून ती केवळ पाण्याच्या वजनावर चालते. दोन डबे एका दोराने जोडलेले. वरच्या डब्याच्या टाकीत नदीचे पाणी भरायचे, खालच्याची टाकी रिकामी करायची. वरचा जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. डिझेल नाही, वीज नाही. मोटेच्या विहिरीवर वाढलेल्या माणसाला हे पाहून फार बरे वाटले. वर चहाबरोबर पावासारखा पदार्थ, त्यावर साय आणि मुरंबा दिला. साय तिकडे मंद आचेवर दूध तापवून घट्ट धरतात. सौ.ने चाखली आणि निकाल दिला, “आपल्या म्हशीच्या सायीची सर नाही.”

खाली आल्यावर पाऊस वाढला, म्हणून आम्ही नदीकाठच्या स्मारकाच्या इमारतीत शिरलो. तिथे भिंतीवर छायाचित्रे होती. पाहता पाहता माझे हातपाय गार झाले.

१५ ऑगस्ट १९५२. इकडे आपण स्वातंत्र्याचा पाचवा वाढदिवस साजरा केला, त्या दिवशी एक्समूरच्या माथ्यावर चोवीस तासांत नऊ इंच, म्हणजे सुमारे २२९ मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री लिन नद्यांनी गाव फोडले. चौतीस माणसे गेली. शंभराच्या आसपास इमारती पडल्या किंवा मोडकळीला आल्या. खोऱ्यातल्या एकतीस पुलांपैकी अठ्ठावीस कामातून गेले. मोटारी समुद्रात वाहून गेल्या. गावातले वीजघर पाण्यावर चालणारे. तेच बुडाले आणि दिवे गेले. पुढचे सगळे अंधारात झाले.

तुम्ही म्हणाल, नऊ इंच म्हणजे काय मोठे? बरोबर. कोकणात, घाटमाथ्यावर तेवढा पाऊस एका दिवसात आपण कित्येकदा पाहतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मग नऊ इंचांत चौतीस माणसे का मेली? मी त्या चित्रांपुढे उभा राहून हाच हिशोब करीत होतो. (त्या महिन्यात विमानातून कृत्रिम पाऊस पाडण्याचे प्रयोग इंग्लंडात झाले होते, त्यामुळे तेच कारण अशी बोलवा पुढे उठली. २०१५ आणि २०१९ साली मराठवाड्यात विमाने उडाली ती तुम्हाला आठवत असतील. ढग फुटेनात म्हणून आपण बोटे मोडली. एवढ्या प्रयोगाने एवढा पाऊस पडतो हे जाणकार मानीत नाहीत.)

कारण जमिनीवर होते. त्या ऑगस्टात आधीपासून पाऊस लागून राहिल्याने माथा तुडुंब भिजलेला होता. पडला तो थेंब वाहिला. उतार तीव्र. पाण्याबरोबर उन्मळलेली झाडे आणि घरभर मोठे धोंडे निघाले, ते ठिकठिकाणच्या लहान पुलांच्या कमानींत अडकले. पुलाचा बंधारा झाला. मागे पाणी तुंबले, मग पूल फुटला आणि भिंतीसारखा लोंढा सुटला. आणि गावात काय होते? वस्ती वाढली तशी पश्चिम लिन तिच्या मूळ वाटेवरून बाजूला सारून अरुंद पात्रात कोंबली होती आणि सोडलेल्या जागेवर घरे, दुकाने उठली होती. त्या रात्री नदी आपल्या जुन्या वाटेने गेली.

पुढे त्यांनी काय केले, तेही बाहेर येऊन पाहिले. पडलेली कित्येक घरे तिथे पुन्हा बांधली नाहीत. नदीचे पात्र रुंद केले आणि पूल लांब व उंच कमानीचे घातले. ऐन गावात, जिथे एकेका फुटाला किंमत, तिथे नदीच्या दोन्ही अंगांना रिकामी जागा सोडली आहे. मधून पाणी वाहते गुडघाभर. परका माणूस म्हणेल, केवढी जागा वाया घालवली.

मी तिथल्या कठड्याला टेकून खिशातले टिपण काढले. तुम्हीही हा हिशोब करू शकता, म्हणून मांडून दाखवतो. आमच्या पऱ्यावर डोंगराचे पाणलोट आहे अंदाजे १२० हेक्टर, म्हणजे तीनशे एकर. आषाढात जोराची सर येते तेव्हा तासाला शंभर मिलिमीटरचा वेग धरायला हरकत नाही. तो वेग दिवसभर नसतो, अर्धा तास पुरतो. जमीन ओली असताना निम्मे पाणी वाहून येते असे धरू. खरे तर जास्तच येईल. आता निम्मे म्हणजे ०.५, त्याला शंभराने गुणा, मग १२० ने गुणा. सहा हजार आले. त्याला ३६० ने भागा. सेकंदाला सुमारे साडेसोळा घनमीटर पाणी. माझे दोन चार फुटी पाइप, स्वच्छ असले, उतार चांगला असला, तरी फार तर सात घनमीटर काढतील. उरलेले साडेनऊ कुठे जाणार? पेठेत. आणि पाइप स्वच्छ राहतील कशाला? कळकाचे बेट उपटून येते, झावळ्या येतात, प्लॅस्टिक तर पेठेचेच. एका झावळीने तोंड बंद होते.

हे सूत्र मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी शिकवले होते. मृदसंधारणाच्या प्रशिक्षणात ते मी स्वतः दुसऱ्यांना शिकवले आहे.

तिथे दुपारचे चार वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. भावाला फोन लावला.

“दादा, मजेत ना? तिकडे पाऊस आहे का?”

“आहे. पऱ्याचा ठराव कधी?”

“परवाच्या सभेत. सगळे जमले आहे. पाइपांचे दरही आणून ठेवले आहेत.”

“ते पाइप पुरायचे नाहीत. मी चुकीचे सांगितले.”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, “तूच म्हणालास ना? मी सभेत तुझ्या नावावर सांगितले आहे, आमचा दादा अधिकारी आहे म्हणून. दोघांनी गाळ्याचे पैसेही ठेवले आहेत. आता मी काय तोंड दाखवू?”

“माझे नाव घेऊनच सांग. मी लिहून पाठवतो, ते वाच.”

“काय वाचू?”

“की दादाने न मोजता सांगितले.”

फोन ठेवल्यावर मुलाने काही विचारले नाही. सूनबाईने डबा उघडला. मोटारीच्या काचेवर पाऊस चालू होता. परतीची वाट सगळी धुक्यात गेली, त्यामुळे तिच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. रात्री बसून हिशोबासकट दोन पाने लिहिली आणि त्यांचे फोटो पाठवले.

१ मेच्या सभेत ती पाने वाचली गेली. भाऊ सांगतो की बरीच बाचाबाची झाली. एकाने विचारले, “साहेब विलायतेचा पाऊस बघून आपल्या पऱ्याला भ्याले काय?” लोक हसले. दुसऱ्याने विचारले की पंचायतीला उत्पन्न कुठून आणायचे, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी ठराव तहकूब झाला. अभियंत्याकडून मोजणी झाल्यावर पुन्हा घ्यायचा असे ठरले. ज्यांनी पैसे ठेवले होते त्यांतला एक जण अजून भावाशी बोलत नाही. भाऊही माझ्याशी कामापुरतेच बोलतो.

परवाच्या रविवारी आम्ही दोघे टेप घेऊन पऱ्यात उतरलो. अभियंता येईल तेव्हा येईल, निदान पुराच्या खुणा तरी टिपून ठेवाव्यात म्हणून. पेठेच्या वरच्या अंगाला काठावर एक जुना आंबा आहे. त्याच्या बुंध्याच्या फटींत वाळलेला गाळ आणि काटक्या अडकलेल्या होत्या. भावाने टेपचे टोक नियोजित स्लॅबच्या पातळीवर धरले, मी दुसरे टोक त्या गाळापर्यंत वर नेले. एक फूट सात इंच भरले. भावाने पुन्हा मोजायला लावले. पुन्हा तेवढेच भरले. मग त्याने खिशातून खडू काढला आणि बुंध्यावर, पेठेतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, आडवी रेघ ओढली.